मार्टीचे बूट, डेलोरियन गाडी आणि उलटा टांगलेला बाप: हा चित्रपट नेमका कुणाचा?

प्रश्न: आम्ही तिघे मित्र कालप्रवासावरचा विनोदी मराठी चित्रपट लिहितो आहोत. नायक आजच्या लालबागमधून १९८२ सालात जातो. 'बॅक टू द फ्यूचर'चे भाग पुन्हा पाहताना लक्षात आलं की त्यात गाडी खरी, बूट खऱ्या कंपनीचे, पेप्सी खरी, गाणं खरं. इतक्या दुसऱ्यांच्या गोष्टी वापरून तो चित्रपट कायद्याच्या कचाट्यात कसा सापडला नाही? आणि आमच्या चित्रपटात नायकाचे तरुणपणीचे वडील म्हणून एका जुन्या नटाचा चेहरा एआयनं आणायचा विचार आहे. ते चालेल का?

उत्तर: सापडला नाही, हे गृहीतच चुकलंय. सापडला, आणि तोही नेमका तुम्ही शेवटी विचारलेल्या मुद्द्यावर. म्हणून सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करतो. गाडी, बूट आणि पेप्सी कुठं पळून जात नाहीत.

मी वकील आहे. गेली वीसेक वर्षं माझं बरंचसं काम म्हणजे चित्रीकरणाआधी संहिता वाचणं. आमच्याकडे याला 'क्लिअरन्स' म्हणतात. दिग्दर्शकाला जिथं हशा दिसतो तिथं मी पेन्सिलीनं गोल करतो, त्यामुळे लेखकमंडळी माझ्याबद्दल फार प्रेमानं बोलत नाहीत. या कामात एक गोष्ट मात्र पक्की कळली: उघड चोरीवरून होणारी भांडणं थोडी. माझ्याकडे येणारे बहुतेक जण परवानगी घेतलेलेच असतात. एका गोष्टीची परवानगी घ्यायची आणि तिच्या शेजारची दुसरीही त्यात आली असं धरून चालायचं, घोळ तिथं होतो. या मालिकेच्या तीन भागांत त्याचे इतके नमुने आहेत की माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात तेच बघायला सांगतो.

पहिला भाग १९८५चा: मार्टी मॅकफ्लाय हा पोरगा डॉक ब्राउन या शास्त्रज्ञानं कालयंत्र बनवलेल्या डेलोरियन गाडीतून १९५५मध्ये, आईबापांच्या तरुणपणात, जाऊन पोचतो. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस, पटकथा त्याची आणि बॉब गेलची, स्टुडिओ युनिव्हर्सल. मार्टीचा बावळट बाप जॉर्ज मॅकफ्लाय हे काम क्रिस्पिन ग्लोव्हरनं केलं होतं. १९८९च्या दुसऱ्या भागासाठी त्याच्याशी बोलणी फिसकटली. निर्मात्यांचं म्हणणं, त्यानं अवाच्या सव्वा मागितलं; त्याचं म्हणणं, मला इतरांच्या मानानं फारच कमी देऊ केलं. ते काही असो, कथेला बाप तर हवा होता. मग जेफ्री वाइसमन नावाचा दुसरा नट घेतला. इथपर्यंत काहीही बिघडलं नव्हतं. पण पहिल्या भागात ग्लोव्हरला वयस्क दाखवताना त्याच्या चेहऱ्याचा साचा काढलेला होता. त्या साच्यावरून चेहऱ्याचे कृत्रिम भाग बनवले आणि ते वाइसमनला चढवले. भविष्यातल्या प्रसंगात पाठदुखीच्या उपचाराचं निमित्त करून त्याला उलटं टांगलं, म्हणजे कुणी फार निरखायला नको. शिवाय पहिल्या भागातली खुद्द ग्लोव्हरची दृश्यं मध्ये मध्ये जोडली. बऱ्याच प्रेक्षकांना वाटलं, तोच आहे.

ग्लोव्हरनं १९९०मध्ये दावा लावला. निकाल लागला नाही, तडजोड झाली. ७ लाख ६० हजार डॉलरचा आकडा तेव्हापासून छापून येत आला आहे. तडजोड झाली म्हणजे न्यायालयानं तत्त्व सांगितलं असं होत नाही, हे लक्षात ठेवा. पण नटांच्या संघटनेनं धडा घेतला आणि अशा नकलेला आळा घालणारी कलमं सामूहिक करारात आली.

आता याच चित्रपटातली दुसरी बदली बघा. मार्टीची मैत्रीण जेनिफर पहिल्या भागात क्लॉडिया वेल्स होती, दुसऱ्यात एलिझाबेथ शू आली. पहिल्या भागाचा शेवटचा प्रसंग शूला घेऊन पुन्हा, जवळजवळ जसाच्या तसा चित्रित केला. त्यावरून कोर्टात जाण्यासारखं काहीच नव्हतं. जेनिफर हे पात्र निर्मात्याचं. ते तो कुणालाही देऊ शकतो. जॉर्ज मॅकफ्लायही निर्मात्याचाच होता. पण जॉर्जचं नाक, जबडा आणि बघण्याची ती केविलवाणी तऱ्हा ग्लोव्हरची होती. पात्रावर कॉपीराइट असतो; चेहरा मात्र माणसाच्या स्वतःच्या मालकीचा असतो आणि कॅलिफोर्नियात त्यासाठी दिवाणी संहितेचं ३३४४ हे वेगळं कलम आहे. वाइसमन स्वतःचं तोंड घेऊन जॉर्ज झाला असता तर ग्लोव्हरला नुसतं चडफडत बसावं लागलं असतं.

हीच रेषा पुढं एका भलत्याच प्रकरणात आली. अमेरिकेतल्या विमानतळांवर 'चीअर्स' या विनोदी मालिकेच्या धर्तीवर बार निघाले आणि त्यात गिऱ्हाइकांसारखे बसलेले दोन यंत्रमानव ठेवले. मालिकेच्या हक्कधारक पॅरामाउंटकडून रीतसर परवाना घेतलेला. तरीही जॉर्ज वेन्ट आणि जॉन रॅट्झेनबर्गर या दोन नटांनी दावा केला की पुतळे आमच्यासारखे दिसतात. पुतळ्यांची नावं 'बॉब' आणि 'हँक' ठेवली होती, म्हणजे कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकली असणार. १९९७मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं नटांचा दावा पुढं चालू दिला. परवाना पात्रांचा होता, चेहऱ्यांचा नव्हता.

आपल्याकडे काय? कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या हक्काचं कलम ३८ आहे, आणि २०१२च्या दुरुस्तीनं त्यात ३८ए आलं. ते असं म्हणतं की नटानं लेखी करारानं आपला अभिनय चित्रपटात वापरायला एकदा संमती दिली, की वेगळा करार नसेल तर 'त्याच चित्रपटा'पुरता निर्मात्याच्या उपभोगाला तो हरकत घेऊ शकत नाही. 'त्याच' या दोन अक्षरांवर माझी फी निघते. जुन्या चित्रपटातला त्याचा अभिनय उचलून तुमच्या नव्या चित्रपटात आणला, तर ती जुनी संमती तुमच्या कामाची नाही.

चेहरा-आवाजाच्या हक्काला आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयांनी तो तुकड्या-तुकड्यानं घडवला आहे. २०२३मध्ये अनिल कपूर यांना दिल्ली उच्च न्यायालयानं नाव, चेहरा, आवाज आणि 'झकास'सकट संरक्षण दिलं. २०२४मध्ये अरिजित सिंग आणि २०२५मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची एआयनं केलेली नक्कल मुंबई उच्च न्यायालयानं रोखली. हे बहुतेक आदेश अंतरिम आहेत आणि वस्तू विकणाऱ्या किंवा आवाजाची यंत्रं पुरवणाऱ्या लोकांविरुद्ध आहेत. कथाचित्रपटातल्या भूमिकेवर अजून असा थेट निकाल दाखवता येणार नाही. पण पहिला निकाल आपल्या नावावर लागावा अशी हौस तुम्हाला नसावी.

तेव्हा नट हयात असेल तर त्याच्याकडे जा, चहा घ्या, आणि कागद करा. नुसतं 'माझ्या प्रतिमेचा वापर करण्यास संमती' एवढ्यावर भागणार नाही. किती मिनिटं, कोणते प्रसंग, संवाद त्याच्या आवाजात की दुसऱ्याच्या, जाहिरातीत वापरणार का, दुसरा भाग निघाला तर काय, आणि काम झाल्यावर तो डिजिटल चेहरा कुणाच्या संगणकात राहणार, हे सगळं लिहा. कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२५पासून कायदाच केला आहे की डिजिटल प्रतिकृतीचा वापर करारात नीट वर्णन केलेला नसेल आणि नटाच्या बाजूनं वकील किंवा संघटना नसेल, तर ते कलम लागू करता येणार नाही. हॉलिवूडमधल्या २०२३च्या संपातही नटांची मोठी मागणी हीच होती. आपल्याकडे कायदा नसला तरी कागदाचा नमुना म्हणून ते चांगलं आहे.

नट वारलेला असेल तर? सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की हे हक्क माणसाबरोबर संपतात, वारसांकडे जात नाहीत. हे वाचून निर्माते खूश होतात. थोडं थांबा. एआयला तो चेहरा शिकवणार कशावरून? त्याच्या जुन्या चित्रपटांवरून. त्या चित्रपटांचा कॉपीराइट प्रदर्शनापासून ६० वर्षं टिकतो आणि तो कुणा तरी जिवंत कंपनीच्या कपाटात आहे. चेहऱ्याचं दार उघडं सापडलं तरी फ्रेमचं दार बंद आहे. आणि घरच्यांना विचारून घ्या, हे मी वकील म्हणून नाही, माणूस म्हणून सांगतो.

आता गाणं. मार्टी १९५५च्या नोव्हेंबरात शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमात गिटार घेऊन 'जॉनी बी. गुड' वाजवतो. ते चक बेरीचं गाणं, आलं १९५८मध्ये. पडद्यावर मायकल जे. फॉक्स दिसतो, पण गळा मार्क कॅम्पबेलचा आणि गिटार टिम मे यांचं. म्हणजे निर्मात्यांनी चक बेरीची मूळ ध्वनिमुद्रिका वापरलीच नाही. गाणं नव्यानं करून घेतलं. तरीही रचनेची परवानगी लागतेच, कारण शब्द आणि चाल एक मिळकत आहे आणि ध्वनिमुद्रण दुसरी.

हे वाक्य मी माझ्या कचेरीत फ्रेम करून लावायला हवं. काही वर्षांपूर्वी एक निर्माते आले होते. चित्रपटात जुनं भावगीत, नवा वाद्यमेळ, नवी गायिका. त्यांचं म्हणणं, "वकीलसाहेब, आपण कंपनीची रेकॉर्ड कुठं वापरली? सगळं नवीन आहे." ट्रेलर आल्यावर तिसऱ्या दिवशी नोटीस. शब्द आणि चाल जुनीच होती ना! त्या एका कडव्यापायी जी रक्कम द्यावी लागली, ती त्या प्रसंगाच्या चित्रीकरणाहून जास्त होती, आणि देताना घासाघीस करायला वेळही नव्हता, कारण प्रदर्शनाची तारीख लागलेली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पाच वर्षांनंतर कव्हर करायला परवानगी लागत नाही. कायद्यातलं ३१सी हे कलम त्यांच्या कानावर अर्धवट आलं होतं. ते कव्हर ध्वनिमुद्रिकेपुरतं आहे, त्यातही आगाऊ सूचना आणि मानधन द्यावं लागतं, आणि चित्रपटात गाणं बसवण्याशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्या १९८२च्या गाण्याचं गणित सांगतो: ध्वनिमुद्रण ६० वर्षं, म्हणजे अजून बराच काळ, शब्द आणि चाल त्या त्या माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गिरणगावातल्या चाळीत रेडिओवर कुणाचं तरी गाणं लागलंच पाहिजे असं वाटत असेल, तर आधी दोन्ही मालक शोधा आणि मग प्रसंग लिहा.

या गाण्याच्या प्रसंगात एक गंमत आहे. मार्टी वाजवत असताना त्या कार्यक्रमातला वादक मार्विन बेरी आपल्या चुलतभावाला, चकला, फोन लावतो आणि म्हणतो, तू शोधत होतास तो नवा आवाज ऐक. म्हणजे चकनं गाणं मार्टीकडून ऐकलं आणि मार्टीनं चकच्या रेकॉर्डवरून. मग रचलं कुणी? कॉपीराइटचा पाया असा की कृती कुणाच्या तरी डोक्यातून निघालेली असावी. इथं ती कुणाच्याच डोक्यातून निघाली नाही. नुसती गोल फिरते आहे. मार्टी लेखक नाही, त्यानं उतरवलं. चकनंही उतरवलंच. चित्रपटाचं तर्कशास्त्र खरं मानलं तर हे गाणं कुणाच्याही मालकीचं नाही आणि युनिव्हर्सलनं पैसे फुकट दिले! अर्थात कोर्ट १९५८ची नोंद बघेल आणि फोनची गोष्ट ऐकून घेणार नाही. मला मात्र या विनोदाची एक बाजू खटकते. काळ्या संगीतकाराची कमाई एका गोऱ्या पोरानं त्याला ऐकवली, असं त्यातून निघतं. अमेरिकेत यावर टीका झालेली आहे आणि ती मला रास्त वाटते. कायद्यानं पैसे चुकते झाले म्हणून श्रेयाचा हिशोब मिटतोच असं नाही.

परवानगीच्या मापाचा सगळ्यात देखणा नमुना मात्र एका कॅसेटवर आहे. मार्टी परग्रहवासी बनून रात्री झोपलेल्या बापाच्या कानाला वॉकमन लावतो. कॅसेटवर नाव आहे 'एडवर्ड व्हॅन हेलन'. नुसतं 'व्हॅन हेलन' नाही. बँडच्या नावाला होकार मिळाला नाही, गिटारवादक एडीनं वैयक्तिक होकार दिला. म्हणून लेबलावर त्याचं पूर्ण नाव. परवानगी जेवढी, तेवढंच अक्षर.

गाडीकडे येतो. जॉन डेलोरियनची कंपनी १९८२मध्येच बुडाली होती. चित्रपट आला तेव्हा गाडी बनणंही थांबलेलं होतं. कथेत एखादी खरी गाडी दिसणं यात सहसा कुणाच्या ट्रेडमार्कचा भंग होत नाही. गाडी गाडीसारखी वापरली, कुणाचा माल असल्याचा भास केला नाही, तर हरकत कसली? डेलोरियननं तर निर्मात्यांना आभाराचं पत्र पाठवलं होतं. पण चित्रपट एक आणि दुकान दुसरं. खेळण्यातली गाडी, टी-शर्ट, जाहिराती यांसाठी १९८९मध्ये युनिव्हर्सलनं त्याच्याशी वेगळा करार केला: गाडीचं नाव आणि रूप वापरू, निव्वळ उत्पन्नाच्या पाच टक्के देऊ.

डेलोरियन २००५मध्ये वारला. दरम्यान टेक्सासमध्ये सुटे भाग विकणारी एक वेगळीच कंपनी त्याच नावानं चालू होती. तिच्यात आणि डेलोरियनच्या पत्नीत नावावरून वाद झाला, २०१५मध्ये तडजोड झाली. नंतर पत्नीला कळलं की युनिव्हर्सलचे ते पाच टक्के टेक्सासच्या कंपनीला मिळाले आहेत. २०१८मध्ये पुन्हा दावा. न्यायालयानं २०१५चा कागद उघडला आणि म्हटलं, बाई, तुम्ही त्यात हे हक्क सोडून दिले आहेत. २०२१मध्ये अपिलातही तेच झालं. युनिव्हर्सलच्या कराराचं नाव त्या तडजोडीत कुणी घेतलं नसेल, पण शब्द एवढे रुंद होते की तो आपोआप आत आला. पुढल्या वर्षी तीच टेक्सासची कंपनी हिशोबासाठी युनिव्हर्सलवर उलटली. बघा, ग्लोव्हरच्या बाबतीत निर्मात्यांनी कागद होता त्याहून मोठा वाचला. इथं एका विधवेनं तो होता त्याहून लहान वाचला.

लोक मला विचारतात, पंखासारखी दारं आणि कालप्रवास घडवणारा फ्लक्स कपॅसिटर लावलेली ती कालयंत्राची गाडी हे स्वतः एक 'पात्र' आहे का? गाडी पात्र असू शकते. २०१५मध्ये अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं बॅटमोबाइलबद्दल तसं सांगितलं: ठळक रूप हवं, वर्षानुवर्षं टिकणारी ओळख हवी, आणि काही खास गुण हवेत. त्याच न्यायालयानं २०२५मध्ये 'एलेनॉर' नावाच्या मस्टँगला मात्र पात्र मानायला नकार दिला, कारण ती दर चित्रपटात वेगळी आणि तिला स्वतःचं म्हणावं असं व्यक्तित्व नाही. या कसोटीवर डॉक ब्राउनची गाडी उतरेल असं माझं मत आहे. म्हणजे तुमच्या नायकानं प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी वापरावी, वाटेल तर तिला मीटरनं वर्ष बदलायला लावावं. फक्त ती ठराविक वेगाला पोचल्यावर मागं आगीच्या दोन रेघा सोडून नाहीशी होऊ नये. तेवढं सोडा.

बूट हा पेटंटचा भाग आणि तो मला मनापासून आवडतो. दुसऱ्या भागात नायकीचे बूट स्वतःच्या नाड्या स्वतः आवळतात. सेटवर ते काम खालून माणसं ओढून करत होती. टिंकर हॅटफिल्ड या नायकीच्या डिझायनरनं ते रूप काढलं होतं. २००८मध्ये नायकीनं आपोआप आवळणाऱ्या बुटांच्या यंत्रणेसाठी अर्ज केला आणि २०११मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. मग प्रश्न येतो: जगानं १९८९मध्ये पडद्यावर पाहिलेली गोष्ट २००८मध्ये 'नवी' कशी?

पेटंट कल्पनेला मिळत नाही, ती कल्पना साधणाऱ्या रचनेला मिळतं. चित्रपटानं परिणाम दाखवला, मोटार, पट्टा, संवेदक यांची जोडणी दाखवली नाही. पाहून कुणाला ते बूट बनवता आले नसते. उलट, 'स्वतः आवळणारे बूट' एवढाच दावा कुणी केला असता तर तो टिकला नसता, कारण ती इच्छा तर थिएटरात सगळ्यांनी पाहिली होती. म्हणजे चित्रपटानं नायकीचं पेटंट अडवलं नाही, पण अरुंद केलं. डिझाइनच्या बाबतीत गोष्ट वेगळी, कारण तिथं दिसणं हेच सर्वस्व. २०११मध्ये ॲपलशी भांडताना सॅमसंगनं १९६८च्या एका अंतराळपटातला सपाट पडदा पुरावा म्हणून मांडला होता, तो याच कारणानं. जाता जाता, २०११मध्ये लिलावात निघालेल्या नायकीच्या १,५०० जोड्यांत नाड्या आपोआप आवळत नव्हत्या. ते २०१६च्या ८९ जोड्यांत जमलं.

डॉकच्या कालयंत्राला पेटंट? भारतात अर्ज केला असता तर कलम ३(ए)वर आपटला असता: प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा चालत नाही. आणि चाललाच असता तरी पंचाईत. १९८५मध्ये अर्ज करायचा आणि यंत्र १९५५च्या रस्त्यावरून फिरवून आणायचं, म्हणजे स्वतःच स्वतःची नवता घालवणं.

पेप्सी, पिझ्झा, कॅलव्हिन क्लाइन यांवर फार वेळ घालवत नाही. कथेत ब्रँड दिसला, त्याची बदनामी नाही आणि तो आपला प्रायोजक असल्याचा खोटा भास नाही, तर धोका कमी. मार्टीच्या अंतर्वस्त्रावरचं 'कॅलव्हिन क्लाइन' वाचून त्याची तरुण आई तेच त्याचं नाव समजते. तो विनोद फ्रेंच डबिंगमध्ये 'पिएर कार्डां' झाला आणि स्पॅनिशमध्ये 'लेव्हाय स्ट्रॉस', पण ते प्रेक्षकाला ओळखू यावं म्हणून. तुमच्या १९८२च्या लालबागमध्ये कुठल्या अंतर्वस्त्राचं नाव हसू आणेल ते तुम्ही ठरवा. बदनामीचा वास आला तर मात्र ती ओळ मला दाखवा. बाकी ब्रँडवाल्यांना राग येण्याऐवजी लाभच होतो. चित्रपटातली तारीख २१ ऑक्टोबर २०१५ उजाडली तेव्हा पेप्सीनं तशाच ६,५०० बाटल्या काढल्या. दुसऱ्या भागातल्या उडत्या फळीवर खेळणी बनवणाऱ्या मॅटेलचं नाव होतं, आणि झेमेकिसनं थट्टेनं 'ही फळी खरी आहे' म्हटल्यावर पोरांनी दुकानं गाठली. पुढं 'हॉव्हरबोर्ड' म्हणून जी दोन चाकांची खेळणी विकली गेली ती उडत नव्हतीच. त्यांच्यावरचं २०१४चं पेटंट शेन चेन या वेगळ्याच संशोधकाचं.

आणि मालिकेतला खलनायक बिफ? त्यानं पळवलेल्या क्रीडा-पंचांगात पन्नास वर्षांचे निकाल होते. सामन्याचा निकाल ही वस्तुस्थिती. तिच्यावर कॉपीराइट नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१मध्ये टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००७मध्ये डी. बी. मोडक प्रकरणात थोडी तरी सर्जनशीलता लागते, असं सांगितलं. बिफ पुस्तकचोर आहे, नालायक आहे, कॉपीराइटचा भंग करणारा नाही.

तुमच्या संहितेचं. मुलगा भूतकाळात जातो आणि आईबापांचं जुळवून देतो, एवढ्यावर हॉलिवूडचा हक्क नाही. आपल्याकडे १९७८चा आर. जी. आनंद निकाल आहे: 'हम हिंदुस्तानी' नाटकाच्या लेखकाला 'न्यू दिल्ली' या चित्रपटाविरुद्ध यश आलं नाही, कारण कल्पना, विषय, कथासूत्र मोकळं असतं, मांडणीची नक्कल झाली का ते बघायचं. पण 'बॅक टू द फ्यूचर'मधला घड्याळाचा मनोरा, त्यावरची वीज, विरत जाणारा कौटुंबिक फोटो आणि वेड्या केसांचा शास्त्रज्ञ हे चारही तुमच्या पहिल्या खर्ड्यात असतील, तर आता मांडणीकडे बोट जातं. 'विडंबन आहे' हा बचाव आपल्या कायद्यात अमेरिकेइतका रुंद नाही. कलम ५२ टीका-समीक्षेला जागा देतं. मूळ चित्रपटाची तुम्ही खरंच खिल्ली उडवत असाल तर वेगळं, नुसता त्याच्या खांद्यावर बसून विनोद करत असाल तर वेगळं.

स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहिता नोंदवा. त्यानं हक्क निर्माण होत नाही, तारखेचा पुरावा मिळतो. मग निर्मात्याचा कागद येईल: 'जगभर, कायमचे, आजच्या आणि उद्याच्या सर्व माध्यमांत'. मुदत लिहिली नसेल तर कायद्यानं पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत, आणि करारात नाव घेतल्याशिवाय पुढं निघणारं माध्यम त्यात येत नाही. म्हणून निर्माता सगळं लिहून घेतो. तुम्ही दुसऱ्या भागापुरतं तरी भांडा. झेमेकिस आणि गेल यांनी आपल्या करारात ते राखलं: त्यांच्या संमतीशिवाय नवी आवृत्ती नाही. आम्ही दोघं हयात असेपर्यंत नाही, असं झेमेकिसनं २०१५मध्ये सांगितलं. चाळीस वर्षं झाली, स्टुडिओला मोह नसेल असं वाटतं का?

एक बारीक गोष्ट राहिली. १९८२ दाखवायला भिंतीवर सिनेमाची पोस्टरं लावाल. पार्श्वभूमीला, जाता जाता दिसली तर कलम ५२चं एक उपकलम तुम्हाला सांभाळतं. नायक थांबून पोस्टरशी बोलायला लागला की ते सांभाळणं संपलं. त्यांनी भविष्यात 'जॉज १९'चा मासा रस्त्यावर झेपावताना दाखवला, पण 'जॉज' युनिव्हर्सलच्याच घरचा होता. तुमच्या पोस्टरचं तसं नाही. तिसरा खर्डा झाला की गाण्याची, पोस्टरची आणि त्या नटाची पानं आधी पाठवा. बाकीची सावकाश पाठवलीत तरी चालतील.